म्हशींबरोबर भादरलेलं पिल्लू

आमच्या घरात जनावर म्हणजे म्हैस. दुसरं जनावर आम्हाला ठाऊकच नव्हतं. कोल्हापुरात गल्लीच्या टोकाला आमचा गोठा, गोठ्याला लागून घर, घरावर एक माडी. सहा म्हशी, दोन रेडकं. संध्याकाळी आमचे मालक, म्हणजे माझे मिस्टर, दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचे. ह्या घरात कधी तीन किलोचं कुत्रं येईल आणि मी बोटाला फडकं गुंडाळून त्याचे दात पुसत बसेन, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट आहे ही. माडीवर भाड्यानं एक वहिनी राहायच्या. त्यांचे मिस्टर बँकेत होते, ते वारले, आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. जाताना आईला सोबत म्हणून ती एक पांढरं पामेरियन ठेवून गेली. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं, ते गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला पिल्लूच म्हणायचे. वाढून तीन वर्षांचं झालं तरी पिल्लूच. वहिनींनी एकदा मालकांना समजावून सांगितलं की ह्या जातीला टॉय म्हणतात, म्हणजे खेळण्यातली जात, मांडीवर बसायला केलेली.

"खेळणं व्हय?" मालक म्हणाले. "मग चावी कुठं असती त्याची? बंद कसं करायचं?"

कारण ते भुंकायचं! देवा रे, काय भुंकायचं! एवढासा जीव, पण त्याच्या मनात तो वाघाएवढा. फेरीवाला आला, पोस्टमन आला, वाऱ्यानं पत्रा हलला, सगळ्यांचा समाचार. गोठ्यातल्या म्हशीपुढं उभं राहून असं ओरडायचं, जणू तिला घर खाली करायला सांगतंय. म्हैस बिचारी रवंथ करत बघायची. एकदा आमच्या थोरल्या म्हशीनं नुसतं त्याच्यावर फुर्रकन नाक सोडलं, तर पठ्ठ्या तीन पावलं मागं गेला आणि तिथून परत चालू.

आता वहिनी माझ्या कोण होत्या ते सांगते. आदल्या वर्षी माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात, नंतर महिनाभर खाटेवर. घरात मालक आणि दोन शाळकरी मुलं. त्या महिन्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक वहिनींनी केला. मागितला नव्हता, विचारला नव्हता. सकाळी खाली यायच्या, पदर खोचायच्या, पिठात हात घालायच्या. बाई मुळात शाकाहारी, पण मुलांना बुधवारी मटण लागतं म्हणून शेजारणीला उभी करून तिच्याकडून रस्सा शिकल्या. पुढं कधी एका शब्दानं त्याचा उल्लेख केला नाही. मी आभार मानायला गेले की विषय बदलायच्या.

त्या बाईनं माझ्याकडं आयुष्यात एकच गोष्ट मागितली. मुलीचं पहिलं बाळंतपण आलं होतं, तिला बेडरेस्ट सांगितली होती, आणि वहिनींना माघातच पुण्याला जाणं भाग होतं. मुलीच्या फ्लॅटवर कुत्रं चालणार नव्हतं.

"अक्का, दिवाळीपर्यंत सांभाळाल का ह्याला? आहे तसा मला परत द्या, एवढंच."

"आहे तसा" हे शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

जाताना त्यांनी एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. गळ्यात पट्टा नको, ह्याची श्वासाची नळी नाजूक, छातीला बांधायचा पट्टा वेगळा ठेवलाय. खाटेवरून उडी मारू द्यायची नाही, गुडघ्याची वाटी सरकते. थोडं थोडं खायला, दिवसातून तीनदा, उपाशी ठेवायचं नाही. रोज विंचरायचं, कानामागं गुंता होतो. मटणाची हाडं नाहीत. दूध दोन चमचे, तेही पाणी घालून.

मी हे मालकांना वाचून दाखवत होते. शेवटच्या ओळीला ते उठून उभे राहिले.

"पाणी घालून? माझ्या घरात? आगं, बाप गेला, आज्जा गेला, कट्ट्यावर कुणी आमच्या दुधाकडं बोट दाखवलं न्हाय, आन ह्या कुत्र्यासाठनं मी दुधात पाणी घालू?"

आणि खरंच घातलं नाही. तिसऱ्याच दिवशी मला न सांगता वाटीभर धारोष्ण दूध त्याच्यापुढं ठेवलं, सायीसारखं दाट. पिल्लूनं मिटक्या मारत संपवलं. मग दोन दिवस मी अंगण धूत होते. तिसऱ्या दिवशी मालकांनी माझ्यादेखत दोन चमचे दुधात चार चमचे पाणी घातलं आणि दारातून कुणी बघत नाही ना ते बघून घेतलं.

तशी आमची घडी बसली. सकाळी धारा झाल्या की मी पायरीवर बसून त्याला विंचरायची. हाताखाली तो केसांचा ढीग असा उबदार, भुसभुशीत. वरचे केस लांब, जरा राठ, आणि फणी आत घातली की खाली कापसागत दाट लव. मला वाटायचं, एवढं सगळं अंगावर घेऊन हा जीव जगतो कसा? आणि तिथंच आमचं चुकलं.

चैत्र आला. त्या वर्षी ऊन फार कडक होतं. उन्हाळा लागला की आमच्याकडं म्हशी भादरून घेतात. म्हणजे अंगावरचे केस वस्तऱ्यानं पार काढून टाकायचे. त्यानं म्हशीला गार वाटतं, उवा-गोचिड्या राहत नाहीत, कातडं कसं चकाकतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या असतात तेव्हा परत एकदा. भादरणारा ठरलेला, वर्षानुवर्षांचा. त्या दिवशी तो आला, सकाळपासून सहा म्हशी केल्या, आणि शेवटी हातपाय धुऊन चहा प्यायला बसला. पिल्लू सावलीत जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं. पोट भात्यासारखं वरखाली.

मालकांना कळवळा आला. खोटं कशाला बोलू, मलाही आला.

"ह्याच्या अंगावर तर म्हशीपरास जास्ती लोकर हाय," मालक म्हणाले. "ह्याचंबी करून टाका की पावणं. जरा वारं लागू दे बिचाऱ्याला."

भादरणारा हसला. "मामा, म्हशीत गेलं माझं आयुष्य. हे सशागत हाय. वस्तरा न्हाय चालायचा, हातमशीन मारतो."

वहिनींच्या कागदावर हे करू नका असं लिहिलेलं नव्हतं. कुणी कुत्र्याला म्हशीसारखं भादरील असं त्या बाईच्या स्वप्नात तरी आलं असतं का? आणि मालकांनी केलं, मालकांनी केलं, असं मी पुढं किती दिवस मनाला सांगत होते. पण त्याला धरून कोण बसलं होतं? मी. माझ्याच मांडीवर तो बसला होता, माझ्यावर भरवसा टाकून, जरासुद्धा हलला नाही. मी त्याच्या कानात "झालं हं, झालं" म्हणत होते.

झालं तेव्हा मांडीवर दुसरंच काहीतरी होतं. मोठं डोकं, काड्यांसारखे पाय, गुलाबी कातडं. अर्धी गल्ली बघायला आली. पलीकडची म्हातारी म्हणाली, "आगं बया, कोंबडी सोलली व्हय?" पोरं खिदळली. तो आपल्या अंगाकडं वळून बघत होता, मग उठला, घरात गेला आणि ट्रंकेच्या मागं जाऊन बसला. भुंकला नाही. दुसऱ्या दिवशी फेरीवाला ओरडत गेला, तरी भुंकला नाही.

चौथ्या दिवशी तो जरा वेळ अंगणात उन्हात पडला होता. दुपारी बघते तर पाठ लाल, हात लावू देईना. मी घाईघाईनं घरचं लोणी चोळलं, ते त्यानं चाटून काढलं आणि वर पोट बिघडवून घेतलं. मग मात्र मालक स्वतः जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणजे आमच्या म्हशींचेच. स्कूटरवरून उतरले, पिल्लूकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"कुणी केलं हे?"

मालक गोठ्याकडं बघायला लागले.

"मामा, म्हैस भादरली तर ती पाण्यात डुंबती, चिखल अंगाला लावून घेती, आणि तिचं कातडं बोटभर जाड. ह्याचं कातडं कागदाएवढं. ह्याच्या अंगावर दोन थर असतात, आतला कापूस आणि वरचा केस. त्यानं थंडीबी अडती आणि ऊनबी अडतं. तुम्ही ह्याच्या घराचं छप्पर काढलं उन्हाळ्यात, वारं यावं म्हणून."

"पर येतंय की परत," मालक म्हणाले. "म्हशीचं येतंय."

"येईल. कदाचित न्हाय बी येणार. ह्या जातीत कधीकधी जागच्या जागी टक्कल राहतं. मी काय शब्द देत न्हाय."

मलम दिलं, उन्हात सोडू नका म्हणाले, अंगात पातळ सुती कापड घाला म्हणाले. मी माझ्या जुन्या साडीचं झबलं शिवलं. तान्ह्या बाळाला शिवतात तसं, पुढं नाडीचं. मालकांनी पडवीत गोणपाट भिजवून टांगला, त्याच्या आडोशाला त्याची जागा केली. ज्या माणसानं त्याची चावी विचारली होती, तो माणूस दिवसातून दहा वेळा पडवीत डोकावून यायचा आणि मला म्हणायचा, "बघ गं, मानंवर जरा आल्यागत वाटतंय का?"

पण माझा जीव दुसरीकडंच अडकला होता. आमच्याकडं फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता, आणि दर रविवारी सकाळी दहाला वहिनींचा फोन यायचा. दुकानदार दारातून हाक मारायचा, "अक्का, पुणं!" मी हात पुसत पळायची. त्या विचारायच्या, "कसा आहे?" मी म्हणायची, "ठीक आहे, वहिनी." खातो का? खातो. विंचरता ना? विंचरते की.

काय विंचरत होते मी, कप्पाळ?

वैशाख गेला, जेठ गेला. मुलीला मुलगी झाली. वहिनी आनंदात होत्या. एका रविवारी म्हणाल्या, "आज त्याला घेऊन या ना फोनजवळ. आवाज तरी ऐकवते." मी त्याला झबल्यासकट दुकानात नेलं, रिसीव्हर कानाशी धरला. वहिनींचा आवाज आला आणि तो असा थरथरला! फोनच्या मागं जाऊन बघायला लागला, काउंटरवरच्या डाळीच्या डब्यामागं शोधायला लागला, आणि मग कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा भुंकला. पलीकडून वहिनी हसत होत्या, रडतही असाव्यात. म्हणाल्या, "अक्का, त्याच्या केसात हात घालून झोपायची सवय आहे हो मला. इथं हात रिकामा वाटतो."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. घरी आले ते जेवले नाही.

"सांगू नगंस," मालक म्हणाले. "दिवाळीपतूर येत्यात केस. उगंच त्या बाईच्या जिवाला घोर."

"आणि नाही आले तर? ती दारात येऊन बघेल आणि मला विचारेल, तेव्हा काय सांगू? दर रविवारी खोटं बोलले म्हणून?"

"माझं नाव सांग. म्हणावं, आमच्या येड्यानं केलं."

"धरून मी बसले होते."

ते उठून गोठ्यात गेले. बराच वेळ वैरण उगीच इकडची तिकडं करत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी "कसा आहे?" विचारायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. भादरणारा, मशीन, लाल झालेली पाठ, डॉक्टर, सगळं. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, ऐकत होती, मला शुद्ध नव्हती. बोलून झाल्यावर पलीकडं नुसती तारेची खरखर. मग वहिनींनी एकच विचारलं, "दुखतं का अजून त्याला?"

"नाही. आता नाही."

"बरं. ठेवते मी."

त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. दहा वाजले की मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. दुकानदार माझ्याकडं बघायचा नाही, साखर मोजत राहायचा. तिसऱ्या रविवारी फोन आला. आवाज कोरडा होता. "आता केस कुठं कुठं आलेत ते सांगा. आणि खरं सांगा." मी इंच इंच सांगितलं. मान, छाती, कान आलेत. शेपटी धरतेय. पाठीवर तळहाताएवढी जागा उघडीच आहे. पुढं दर रविवारी तेच, मी डॉक्टरांना रिपोर्ट द्यावा तसं सांगायची आणि त्या ऐकायच्या.

पाडव्याला वहिनी आल्या. सकाळी म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मालक निघायच्या तयारीत होते आणि गल्लीच्या तोंडाला रिक्षा थांबली. पिल्लूनं मला ढकलून धूम ठोकली. त्या रस्त्यातच खाली बसल्या, नवीन साडीची पर्वा न करता. तो त्यांच्या तोंडावर, मानेवर, कानावर, जिथं मिळेल तिथं चाटत होता. मग त्यांचा हात त्याच्या पाठीवर गेला. त्या उघड्या जागेवर हात थांबला.

मालक पुढं आले. डोक्याला फेटा, हातात कासरा, मागं सजवलेली म्हैस. ह्या माणसानं जन्मात कुणाची माफी मागितल्याचं मी बघितलं नव्हतं.

"वहिनी, चुकी झाली. लई मोठी झाली."

वहिनींनी मान वर केली. "मामा, मी तुमची म्हैस पुण्याला नेऊन तिला बॉबकट करून आणला असता तर काय केलं असतं तुम्ही?"

"...मारलं असतं."

"मग?"

"मारा की."

त्यांना हसू आवरलं नाही, आणि मला रडू.

दुपारी म्हशी मिरवून परत आल्या, जेवणं झाली. वहिनी पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. पिल्लू आमच्या दोघींच्या मध्ये.

"अक्का, मी रागावले होते. दोन रविवार मुद्दाम फोन केला नाही."

"माहीत आहे."

"पण मीही तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. नातीला दम लागतो. डॉक्टर म्हणाले, घरात कुत्रं नको. आणि मुलीला मी तिथं हवीये, कायमची. म्हणजे ह्याला मी नेऊच शकत नाही. तीन महिने झाले मला कळून, पण तोंडातून निघत नव्हतं. तुम्ही सांगितलं नसतं आणि आज येऊन हे बघितलं असतं ना, तर मी ह्याला इथं ठेवला नसता. कुणा तिऱ्हाइताला दिला असता, पण तुम्हाला नसता दिला."

त्यांनी पिशवीतून नवा ब्रश काढला, माझ्या हातात दिला आणि हात धरून शिकवलं. आधी पाणी मारायचं, कोरडे केस तुटतात. मग शेपटीकडून मानेकडं, थर थर उचलत. कातड्यापर्यंत गेला पाहिजे पण टोचता कामा नये. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत बसलो होतो.

त्यानंतर तो नऊ वर्षं आमच्याकडं होता. पाठीवरची ती जागा पूर्ण भरली नाही. तिथं करडी विरळ लव आली तेवढीच. पण भुंकणं परत आलं, दुपटीनं. हिवाळ्यात तो मालकांच्या घोंगडीत शिरायचा. त्याच्यामुळं मालकांचा आवाज खाली आला असं मी म्हणते. ते म्हणतात तसं काही नाही, आणि हेही हळू म्हणतात. मुलं मोठी होऊन नोकरीला बाहेर गेली, तेव्हा घर खायला उठलं नाही ते त्याच्यामुळं. माझ्या चुकीनंतर पदरात पडलेली वर्षं ती. मी त्यांचा हिशोब करत नाही, प्रसादासारखी डोक्याला लावते.

वहिनींचा रविवारचा फोन चुकला नाही. पुढं घरी फोन आला, मग मुलानं मोबाइल दिला. दात किडले, दोन काढले, सांगितलं. डोळ्यांत पांढरं आलं, सांगितलं. खोकला येतो, बदकासारखा आवाज होतो, सांगितलं. आणि एका रविवारी त्यांनी विचारलं, "कसा आहे?" तेव्हा मी म्हटलं, "ठीक नाही, वहिनी. तुम्ही या."

त्या रात्रीच्या गाडीनं निघाल्या. चार दिवस आम्ही आळीपाळीनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं. पाचव्या दिवशी सकाळी, डोकं त्यांच्या मांडीवर आणि मागचे पाय माझ्या मांडीवर, असा तो गेला. मालकांनी गोठ्यामागं लिंबाखाली स्वतः खड्डा काढला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही.

दोन दिवसांनी वहिनी निघाल्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, "रविवारी फोन करते, अक्का."

मी म्हटलं, "आता काय सांगू तुम्हाला?"

"म्हशींचं सांगा," त्या म्हणाल्या.